न व्यायलेल्या पाठींचं दूध

“ताई, येत्या रविवारी मला वस्तीतनं हाकलनार हायेत,” भोरच्या त्या छोट्या कार्यालयाच्या दारातच कोंडाबाई म्हणाली. “माझ्या पाठी दूध द्याय लागल्यात.”

कुंडलिकला हसू आलं. हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर तो सुलक्षणाताईंच्या हाताखाली खासगी तपास करत होता. शेळ्यांनी दूध दिलं म्हणून कुणी गुप्तहेराकडे येतं का?

“पाठी म्हणजे एकदाही न व्यायलेल्या शेळ्या, कुंडलिकराव,” ताई म्हणाल्या. त्याचं हसू जागीच विरलं.

गडाच्या पायथ्याशी, पाली गावाच्या वरच्या धनगरवस्तीवर ऊन नुसतं पेटलं होतं. कोंडाबाईला पाहताच बायांनी पोरं घरात ओढली. उभ्या नोकरीत कुंडलिकनं चोर, खुनी पाहिले होते, पण नुसत्या नजरेची एवढी भीती पाहिली नव्हती.

गोठ्यात पाठींच्या कासा तटतटल्या होत्या. सडांतून दूध ठिबकत होतं. ताईंनी कासेवरचे केस बाजूला केले. कातडी पिवळी दिसली.

“देवाचा भंडारा,” कोंडाबाई म्हणाली. “गोरखभावजी पाडव्यापासनं तेलात कालवून लावत्यात. पूजा त्यांच्याकडंच हाय. मालक गेल्यावर त्यांचाच आधार वाटायचा.”

“आणि दूध कधी आलं?”

“चैत सरताना.”

शेजारीण मंगल गोठ्यापासून चार हात लांबच उभी राहिली. वर्षभर ती कोंडाबाईशी पाण्यावरून भांडत होती.

“तिची नदरच वाईट. माज्या पाठी बगा, काय बी झालं न्हाई. गोरखभावजी त्यांच्या कपाळाला भंडारा लावत्यात. उघड्या हातानं लावाय लागतंय, पानानं लावला तर देवाला चालत न्हाई. आता त्यांनाच बरं न्हाई. आदी उघड्या अंगानं पूजा करायचे, आता सदरासुदिक काढत न्हाईत.”

गोरख देवळाच्या ओट्यावर बसला होता. एवढ्या उन्हात अंगावर घोंगडी, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“आधी काय करायचात?” ताईंनी विचारलं.

“किकवीकडं एका शेळीपालनावर कामाला होतो. वैनीला भनीकडं जाऊ द्या, ताई. लोक चिडल्यात. तिच्या जिवाला काय झालं मंजी?”

“आणि तिची जागा?”

“म्या बगीन की.”

त्याचा आवाज इतका मऊ होता, की तो कुंडलिकला खटकला. परतताना मात्र कुंडलिक म्हणाला, “मॅडम, मंगलचंच काम. इंजेक्शन दिलं असणार.”

“जी बाई गोठ्याजवळ यायला भिते, ती इंजेक्शन देईल? गाडी किकवीला घ्या.”

रविवारी सकाळी देवळापुढे सगळी वस्ती जमली. कोंडाबाईचं बोचकं कुणीतरी आधीच बाहेर आणून टाकलं होतं.

“दूध बनवणारी जनुकं प्रत्येक पाठीच्या अंगात जन्मापासून असतात,” सुलक्षणाताई म्हणाल्या, “पण गप्प असतात. शेळी गाभण राहिली, की अंगातली संप्रेरकं रक्तातून कासेत पोचतात. त्यांनी कास वाढते आणि ती जनुकं कामाला लागतात. तेच संप्रेरक बाहेरून कासेला चोळत राहिलं, तर कास फसते. किकवीच्या शेळीपालनावर भाकड शेळ्यांसाठी असलं मलम ठेवतात; तेच गोरखरावांनी भंडाऱ्याच्या तेलात कालवलं. मंगलताई, भंडारा तुमच्या पाठींच्या कपाळाला लागला. कोंडाबाईंच्या पाठींच्या थेट कासेला, आणि तोही दूध येण्याच्या आधीपासून.”

“मलम काय म्या एकट्यानंच बगितलंय?” गोरख ओरडला. “पुरावा दावा!”

“तो तुमच्या अंगावर आहे. मलम तळहातातूनही भिनतं, आणि शेळी कोण, माणूस कोण, हे त्याला कळत नाही. देवाला पान चालत नाही म्हणून तुम्ही उघड्या हातानं चोळत राहिलात. सदरा काढा, गोरखराव.”

गोरखनं दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. घोंगडी खाली पडली. घामानं चिकटलेल्या सदऱ्याखाली त्याची छाती बाईसारखी फुगलेली सगळ्यांनी पाहिली. कुणीही हसलं नाही.

“वैनीची जागा गडासमोर हाय,” तो पुटपुटला. “बंगलं बांधनारं इकत मागत हुतं. वैनी हलंना.”

कुंडलिकनं पोलिसांना फोन लावला. तोवर मंगलनं बोचकं उचललं आणि कोंडाबाईपुढे धरलं. “चुकलं, कोंडाबाय. ऱ्हा आता.”

“ऱ्हानार हायेच. घर माजं हाय.” कोंडाबाईनं बोचकं तिच्या हातातून ओढून घेतलं. “पर सादं मलम हुतं, मंगल. तुमी समद्यांनी मला चेटकीन केलं.”

ती घरात गेली आणि भर दिवसा तिनं आतून कडी घातली.