कापडी पंखाची चीर

"वहिनी, हे सरळसरळ वैर आहे," भावोजी म्हणाले.

वहिनी खासगी तपासाची कामं घ्यायच्या. धाकटे दीर सोबत यायचे, बहुधा चुकीचा अंदाज आधी सांगून टाकायला.

संग्रहालयाच्या शेडमध्ये जुनं विमान शेपूट टेकून, नाक वर करून बसलं होतं. गेल्याच आठवड्यात पंखांवर नवं कापड चढलं होतं. काल सुटी. आज सकाळी डाव्या पंखाला चीर दिसली: खालून, मागच्या कडेलगत, वीतभर.

"ज्यानं केलं त्याला या शेडचं दार कायमचं बंद," संचालक म्हणाले.

"संशय कुणावर?" वहिनींनी विचारलं.

"रंगाऱ्यावर. त्याचा रंग दोनदा खरवडायला लावला मी. नाहीतर मिस्त्री. हल्ली फार भाव खातात. आठवडाभर हाका मारतोय, मान वळवतील तर शपथ!"

रंगारी उसळला. "राग काढायचा तर वरून फाडीन, बाई. खाली कोण वाकतंय?"

शिवणाऱ्या बाई चिरीवरून बोट फिरवत होत्या. "माझा एक टाका तुटलेला नाही. मधून कापलंय, जपून."

"कापड चढायच्या आधी पंखाच्या आत शेवटचा हात कुणाचा होता?" वहिनींनी त्यांना विचारलं.

"मिस्त्रींचा. तारा ओढत होते."

मिस्त्री पाठमोरे इंजिनाशी उभे होते, लोकरी टोपी कानांवर ओढून. वहिनी मागून पुटपुटल्या, "मिस्त्री." ते लगेच वळले.

"काल सुटीलाही आला होतात?"

"रोजच येतो. सुटी घेऊन जायचं कुठं?"

वहिनींनी सगळ्यांना पंखाखाली बोलावलं.

"भावोजी, वैरी माणूस टाके सांभाळत बसत नाही. विमान शेपटीवर टेकलंय. पंखात काही पडलं, तर घरंगळत मागच्या कडेलाच जाणार. चीर नेमकी तिथं आहे. मग पडलं काय? कापड चढल्यापासून ज्यांना हाक ऐकू येत नव्हती, त्यांना आज पुटपुटणंही ऐकू आलं. मिस्त्री, श्रवणयंत्र ना?"

मिस्त्रींनी टोपी काढली. "वाकलो तेव्हा निसटलं. कळलं तोवर कापड चढलं होतं. सांगणार कुणाला? इंजिन मी कानानं तपासतो. बहिऱ्याच्या हाती कोण देईल?"

संचालक चष्मा पुसत राहिले. "आता घरी आराम करा, मिस्त्री."

"घरी मी यंत्र काढूनच ठेवतो, साहेब. ऐकायचं कुणाचं?"

 

बाईंनी सुईत दोरा ओवला. "साहेब, ठिगळ लावताना समोरून कापड धरायला माणूस लागतं. आराम नंतर."

"किती दिवस लागतील?" संचालकांनी विचारलं.

"मी फार हळू शिवते," बाई म्हणाल्या.