मागच्या सीटचं माप

सकाळपासून बघतेय, तुम्ही दोघं त्या फोनवर जुन्या गाड्यांचे फोटो चाळताय. ही लहान, ती थोराड, तिसरीचा रंग मेलेला. बघा, खुशाल बघा. पण आता दिवे गेलेच आहेत, तर फोन ठेवा बाजूला आणि आपल्या शेजारच्या मास्तरने गाडी कशी घेतली ते ऐका. अर्धं त्याच्या तोंडून ऐकलंय आणि अर्धं या डोळ्यांनी पाहिलंय.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, कपडे शिवणारा. घरात बायको, एक मुलगी, एक मुलगा आणि म्हातारी आई. शिवाय बायकोला सातवा महिना लागलेला. तोवर सगळं बिऱ्हाड एका स्कूटरवर फिरायचं. पुढे मुलगा उभा, मागे बायको, आणि मधे मुलगी, उशीत कापूस दाबून भरावा तशी. सातव्या महिन्यात मात्र बायको एक दिवस स्कूटरपाशी आली, बसायचा प्रयत्न केला आणि बाजूला उभी राहून म्हणाली, "आता एक तर गाडी घ्या, नाहीतर मला स्टँडवर ठेवा आणि स्कूटरला माहेरी पाठवा."

ठरलं. नवी काही परवडणारी नव्हती. जुनीच, पण धड बघायची. मास्तरच्या बायकोचा भाऊ गॅरेजवाला, त्यामुळे इंजिनाची काळजी नव्हती. मास्तरला काळजी वेगळीच. माणसं मावतील का?

आता दुसरा कोणी असता तर सगळ्यांना गाडीत बसवून बघितलं असतं. हा पडला शिंपी. त्याने टेप काढली आणि घरातच सगळ्यांची मापं घ्यायला लागला. बसल्यावर कंबर किती रुंद, पाठ किती उंच, गुडघा सीटपासून किती पुढे येतो. मुलगी हसून हसून लोळली. बायकोचं माप घेताना म्हणाला, "हे माप दोन महिन्यांनी कमी होईल ना?" ती म्हणाली, "माझं होईल. तुमच्या पोटाचं काय?" येणाऱ्या बाळाचंसुद्धा माप त्याने अंदाजाने धरलं.

म्हातारी खिडकीजवळ खाटेवर होती. गेल्या हिवाळ्यात मोरीत पडली, खुबा मोडला, तेव्हापासून तिचा पाय जमिनीला लागला नव्हता. मास्तरच्या हातात पहिल्यांदा टेप दिली ती तिनेच. नवरा गेल्यावर मशीन चालवून एकटीने पोराला वाढवलं. माझी तरुणपणीची सगळी पोलकी तिच्या हातची. ती उशीला टेकून हा सगळा तमाशा बघत होती. सगळ्यांची मापं झाली, आणि तिला वाटलं आता आपली पाळी. तिने दोन्ही हात वर केले. माप देताना करतात ना, तसे. कोपरं बाहेर, हनुवटी जरा वर.

मी तिथेच बसले होते.

मास्तर टेप गुंडाळत म्हणाला, "आई, तुझं कशाला? तुला कुठे जायचंय?"

म्हातारी हसली. "तेही खरंच." हात हळूहळू खाली घेतले. मग जरा वेळाने म्हणाली, "एक चक्कर मारशील ना पण? नदीपर्यंत?"

"बघू गं."

बघू म्हणजे काय, हे आयांना सांगावं लागत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा शनिवार. मास्तर आणि मेहुणा बसने शहरात गाड्यांच्या दलालाकडे गेले. मेहुणा कामाला पक्का. आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गार पाहिजे म्हणे. गरम लागलं तर समजायचं की आपण यायच्या आत चालू करून ठेवलंय, काहीतरी झाकायचंय. पायाखालचे गालिचे उचलून नाक लावलं, पुराच्या पाण्यात बसलेली गाडी कुबट वासाने ओळखता येते. खाली झोपून गंज बघितला. शेवटी दोन गाड्या राहिल्या. एक निळी, छोटी, चकचकीत. दुसरी चिखलाच्या रंगाची, लांबुडकी, मागे आणखी एक बाक असलेली, दारं रुंद. किमतीत म्हणाल तर उन्नीस-बीसचा फरक.

"भाऊजी, ही लांब घ्या," मेहुणा म्हणाला. "दिसायला म्हैस आहे, पण दूध देईल. म्हातारबाईंना दवाखान्यात न्यायचं झालं तर हे मागचं बाक आडवं होतं."

मास्तरचा डोळा निळीवर. दुकानासमोर उभी राहिली तर गिऱ्हाईक बघेल, अशी. टेप घेऊन तो तिच्या मागच्या सीटवर गेला. मुलगी, मुलगा, बाळाची खुर्ची. बेतून शिवल्यासारखं माप बसलं. बोटभर जागा उरली नाही.

दलालाने सहज विचारलं, "घरात माणसं किती?"

मास्तरने बोटांवर मोजलं. "मी, ही, दोन पोरं, आणि येणारं एक."

"आई-वडील?"

"नाहीत."

वडील तर खरंच नव्हते. पण 'नाहीत' म्हणताना त्याने आईलाही त्यात बसवून टाकलं. लांब गाडीचा विषय पुन्हा निघू नये म्हणून. बस्स, एवढ्यासाठी. मेहुण्याने त्याच्याकडे बघितलं. फडक्याला हात पुसत राहिला. मग "गॅरेज उघडायचंय" म्हणून मिळेल त्या बसने निघून गेला.

निळीचे कागद व्हायला रात्र झाली. दलालाकडून निघाला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मास्तरचा हात नवा, म्हणून दुपारी गाडी चालवून बघतानाच फोन समोरच्या कप्प्यात टाकून कप्पा बंद केला होता, तो तिथेच राहिला. चंद्र उशिरा उगवणार होता. शहराचे दिवे संपले, बंद पडलेली सूतगिरणी गेली, आणि पुढे नुसता रस्ता. गाडी झकास चालत होती. मास्तर शीळ घालत होता.

गिरणीच्या पुढे, नदीचा पूल यायच्या आधी, गाडी मागून दबली.

कोणी मागे येऊन बसलं की दबते ना, तशी.

त्याला वाटलं, चाक गेलं. थांबला, उतरला, चारी चाकांना लाथा मारून बघितल्या. सगळी टणक. आसपास चिटपाखरू नाही. मेहुण्याला मनात दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा बसला.

निघाला. गाडी दबलेलीच.

मग पाठीत काहीतरी लागलं.

तुम्ही मागे बसता आणि जागा कमी असली की तुमचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकतात. तसं. आधी एक. मग दुसरा. मास्तर शिंपी माणूस. टेकलेल्या गुडघ्यांवरून त्याला माणूस कळतो. पोराचे गुडघे तिथवर पोचणार नव्हते, ते त्याने मोजलं होतं. हे मोठ्या माणसाचे. हाडकुळे.

शीळ थांबली.

मागे वळून बघायचं नाही, असं त्याने ठरवलं. समोर बघायचं. रस्ता बघायचा. पूल येईल, पुलानंतर पेट्रोल पंप आहे, पंपावर उजेड आहे...

मागे कोणीतरी श्वास घेतला. लांब. दमलेला.

त्याने आरशात बघितलं.

मागच्या सीटच्या मधोमध... काळोखापेक्षा काळं. डोकं. खांदे. आणि दोन हात.

वर केलेले.

त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना. हलत नव्हते. नुसते वर. आता आवळतील. आता...

ब्रेक. गाडी आडवी झाली. इंजिन बंद पडलं.

आणि मास्तर ओरडला. घसा फाटेपर्यंत. "कोण आहेस? उतर! खाली उतर! तुझी जागा नाही इथे! उतर!"

काही नाही.

बराच वेळ... काही नाही.

मग पाठीतले गुडघे निघाले. एक. मग दुसरा. मागचं दार उघडलं. हळू. गाडी मागून उचलली गेली. आणि दार लागलं. आपटलं नाही. घरात पोरं झोपली असली की आपण लावतो ना दार, दुसऱ्या हाताने धरून... तसं लागलं.

मास्तरने चावी फिरवली आणि गाडी पळवली. पूल कधी गेला, पंप कधी गेला, त्याला कळलं नाही. मागे बघितलं नाही. एकदाही नाही.

गल्लीत वळला तर घरातले सगळे दिवे लागलेले. दार सताड उघडं. पायऱ्यांवर चपला. मेहुणा बाहेर उभा. बायको पोटाला हात लावून उंबऱ्यात बसलेली. ती ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "किती फोन केले तुम्हाला."

मी तिच्या शेजारी होते. मास्तर माझ्याकडे बघायला लागला. सांगायचं मलाच आलं. म्हटलं, "बाबा, आई गेली."

"कधी?"

"दिवेलागणीला," बायको म्हणाली. "मला हाक मारली. म्हणाल्या, पोरी, केस विंचर माझे. पोरगा गाडी घेऊन येतोय, मी तयार राहते. मी वेणी घालत होते. अर्धी झाली होती. मान माझ्या हातावर आली."

दिवेलागणीला. तेव्हा हा दलालाकडे बसला होता.

मास्तर पायरीवर खाली बसला. मग त्याने माझ्यासमोर स्वतःचे दोन्ही हात वर केले. कोपरं बाहेर. हनुवटी जरा वर. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला.

"अशी बसली होती, मावशी," तो म्हणाला. "माप देत होती ती. आणि मी..."

त्यातच त्याने सगळं सांगितलं. तुटक तुटक. 'नाहीत' म्हटल्याचंसुद्धा. मेहुणा तिथेच उभा होता. त्याने मान फिरवली. बायकोने ऐकलं. आपल्या बायकोसमोर पुरुष इतका लहान झालेला मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. मारलं असतं कोणी तर त्याला बरं वाटलं असतं. कोणी मारलं नाही.

"मी तिला रस्त्यात उतरवलं," तो म्हणाला. "अंधारात. तिला चालता येत नाही, मावशी. ती तिथेच उभी असेल."

आणि उठला. गाडीपाशी गेला, मागचं दार उघडून धरलं, सीटवरची धूळ हाताने झटकायला लागला. "परत जातो. घेऊन येतो तिला. पुलाच्या अलीकडेच आहे, लांब नाही." मेहुण्याने त्याला मागून मिठी घातली, तरी आवरेना. "सोड मला! ती वाट बघत असेल. मी म्हणालो होतो, बघू. सोड!"

बायकांनी मला आत बोलावलं. म्हातारीला आंघोळ घालायची होती. संध्याकाळपासून ती त्याच खाटेवर, त्याच चादरीवर. कोणी ना कोणी तिच्याजवळ बसूनच होतं. सुनेने स्वतः पाय सरळ करून पांघरूण पायाखाली खोचलं होतं. सहा महिने जमिनीला न लागलेले पाय, तान्ह्या पोरासारखे मऊ झाले होते. रोज तेल मीच लावायचे, मला माहीत आहेत.

मी पायाकडचं पांघरूण काढलं.

हातातला तांब्या खाली ठेवला.

मग मी उठून दारात गेले. बाहेर मास्तर अजून झटापट करत होता. म्हटलं, "बाळा... जाऊ नकोस कुठे. आली ती."

तो थांबला. त्याने विचारलं नाही, कशी. मीही सांगितलं नाही.

तळवे काळे होते. टाचांच्या भेगांत खडी बसली होती, बारीक, रस्त्याची. चादर पांढरी, तिच्यावर मातीचा कण नव्हता. दोन बादल्या पाणी लागलं मला. आणि डाव्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा, आत मोडलेला. मी सुईने कोरून तो काढला.

तर त्यामागून रक्ताचा थेंब आला. ताजा.