मूळ उत्सर्जकाची सही

मृदुला खरातला तिचे वडील परत मिळाले. बोटभर लांबीचे, पांढरे, किंचित ठिसूळ. मात्र कागदोपत्री असे काही घडलेले नाही. तेव्हा आपणही ते घडलेच नाही असे धरून सुरुवात करू.

कराडजवळच्या कर्बशिला नमुनागारात मृदुला भूवैज्ञानिक होती. टेबलावर सातशे मीटर खोलीवरून काढलेला काळ्या बेसाल्टचा दंडगोल होता आणि त्यात एक पांढरी शीर.

"मॅडम, ही शीर कोळशाच्या धुराची नाही," प्रयोगशाळाप्रमुख मुलाणी म्हणाले. "कोळसा कोट्यवधी वर्षांचा म्हातारा. त्यातला किरणोत्सारी कर्ब केव्हाच संपलेला. हिच्यात तो ताजा आहे. अलीकडेपर्यंत जिवंत असलेल्या कुणाचा तरी."

मृदुलाने नोंदवही उघडली. धुरातला कर्बवायू पाण्यात विरघळवून कर्बविहिरीत सोडायचा. बेसाल्टमधल्या कॅल्शियमशी मिळून दोन वर्षांत त्याचा दगड होतो. कोळशावरच्या वीजकेंद्राला ही सक्ती होती, तशीच विद्युतदाहिनीलाही. या थरात वायू सोडला त्या आठवड्यात वीजकेंद्र दुरुस्तीसाठी बंद होते. दाहिनीतून एकच खेप आली होती. वामन खरात, वय एकोणऐंशी.

मुलाणींनी हातमोजे काढले. का काढले, ते त्यांनाही कळले नसावे.

मृदुलाने घरी फोन लावला. "आई, बाबा सापडले."

"कुठं?"

"टेबलावर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "अस्थी मी घाईघाईत नदीत सोडून बसले गं. हातात धरायला काही उरलंच नाही. आण त्यांना घरी. स्टीलचा डबा पाठवू का?"

"उद्या दहाला हा दंडगोल परत विहिरीत जाणार, वर सिमेंट," मुलाणी हळूच म्हणाले. "दगड झाला की कर्ब सरकारचा. गौण खनिज."

"घरातही त्यांचं तेच स्थान होतं," मृदुला म्हणाली. दोघेही हसले नाहीत.

"सोडवून न्यायची सोय कलम चौदात आहे. मूळ उत्सर्जकानं, म्हणजे ज्याचा धूर त्यानं, समक्ष येऊन सही करायची. मुखत्यार चालत नाही, वारसही नाही. लोक कंपनी बुडवून वारस कंपनी काढायचे, दगड सोडवून न्यायचे, भट्टीत भाजून चुना करायचे. वायू पुन्हा आभाळात. ते भोक बुजवायला..." मुलाणी थांबले. कलम कुणी लिहिले, हे त्यांना आठवले.

खनिकर्म खात्यात वामनरावांनी आयुष्यभर मसुदे लिहिले. कलम चौदा त्यांनी जेवताना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले होते. "आणि उत्सर्जक मेला तर?" तिने विचारले होते. "कारखाना मरतो होय गं?" म्हणत त्यांनी भात कालवला होता. दाहिन्या कायद्यात आल्या त्या नंतर, एका ओळीच्या दुरुस्तीने.

"तेवढी शीर काढून खिशात टाका," मुलाणी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मी पाहत नाहीये."

तिने शिरेवर बोट ठेवले. थंड होती.

"बाबांचं कलम आहे, मुलाणी. मीच मोडू?"

मग तिने कोरा कागद ओढला आणि खनिकर्म खात्याला अर्ज लिहिला.

'महोदय, विहीर उद्या सकाळी दहाला बंद होत आहे. मूळ उत्सर्जक श्री. वामन खरात यांचा वाचायचा चष्मा आमच्याकडे आहे, तो सोबत आणू. त्यांची पत्नीही उपस्थित राहील. तरी त्यांना कलम चौदाखालील सहीपुरती पंधरा मिनिटे समक्ष हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.'