एकच असेल तर खुडू नये

हेविन खोकी घेऊन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि डोंगरावरून उतरलेलं धुकं अंगणाच्या दगडी गडग्याला येऊन टेकलं होतं. नेस्ताने त्याला आधी चहा दिला, मनुक्यांच्या पावाचा जाड तुकडा लोणी लावून दिला, आणि मगच इद्वलच्या खोलीचं दार उघडलं.

इद्वल तिचा भाऊ. त्याला जाऊन सहा महिने झाले होते. दोघांनीही लग्नं केली नाहीत, त्यामुळे घरात आता ती एकटीच. इद्वलला उभ्या जन्मात नाद दोनच, डोंगरातली रोपं आणि म्हाताऱ्यांच्या तोंडची वेल्श गाणी. सकाळी कड्यावर रोप खुडायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी शेगडीपाशी बसून गाणं उतरवून घ्यायचं. दोन्ही एकाच कागदावर: वर दाबून वाळवलेलं रोप, खाली गाणं, त्याखाली गाणाऱ्याचं नाव. सूर तो अक्षरांत लिही, द, र, म, फ, स… म्हणजे तिकडचं सा, रे, ग, म. तिथली पोरं रविवारच्या शाळेत बाराखडीच्या आधी हीच अक्षरं शिकत. हेविनला ती नेस्तानेच शिकवली होती, कान पिळून. आता तो ग्रंथालयात नोकरीला होता आणि इद्वलचे सगळे कागद न्यायला आला होता.

"बाई, साडेचारशे कागद झाले," तो म्हणाला. "आणि तुमचं एकही गाणं नाही? अख्ख्या खोऱ्यात तुमच्यासारखा गळा नाही!"

"पिकतं तिथे विकत नाही, बाबा."

ती हसून म्हणाली, पण तिला ते लागत आलं होतं. इद्वलने वीस खोरी पालथी घातली, परक्यांच्या दारात जाऊन बसला, पण बहिणीला एकदाही म्हणाला नाही, की बस, गा. आईची अंगाई फक्त तिलाच येत होती. रोज दिवेलागणीला ती एकटीच म्हणायची. तिच्यामागे ती म्हणणारं कुणी उरणार नव्हतं, आणि हल्ली रात्री झोप न येण्याचं तेच एक कारण होतं.

"मग मला म्हणून दाखवा. मी उतरवतो."

"नको रे. इद्वलचा नेम होता. कड्यावर एकच रोप उरलं असेल तर खुडायचं नाही. गाण्याचंही तसंच. एकाच गळ्यात उरलं असेल तर कागदावर घ्यायचं नाही. घेतलं की तिथलं जातं, म्हणायचा."

"काहीतरीच! गाणं म्हणजे काय मुळा आहे उपटायला?"

हेविन दोन खोकी उचलून गेला. गाडी खाली प्रार्थनाघरापाशी होती, वर रस्ता अरुंद. अर्ध्या तासात येतो म्हणाला, आणि चार पावलांत धुक्याने त्याला गिळलं.

नेस्ता शेवटचा गठ्ठा बांधायला बसली. तळाशी एक कागद निघाला. वर पांढरं डोंगरफूल. तळाला इद्वलचं तिरकं अक्षर: गाणारी – नेस्ता, घरी. तारीख चाळीस वर्षांपूर्वीची. मधली जागा कोरी.

तिचे डोळे भरून आले. म्हणजे त्याने कागद तयार केला होता! आणि चाळीस वर्षं मन मारून कोरा ठेवला होता.

"बोलला का नाहीस, वेड्या?" ती म्हणाली. आणि रिकाम्या खोलीत, त्याच्यासाठी, तिने अंगाईची पहिली ओळ म्हटली.

खर्र… खर्र…

उंदीर असेल. तिने दुसरी ओळ म्हटली. पुन्हा तोच आवाज, पेन्सिल कागदावर फिरावी तसा. खोलीत ओल्या शेवाळाचा वास आला. तिने खाली पाहिलं. कोऱ्या जागेत दोन ओळी उमटल्या होत्या, तिरक्या.

पहिली ओळ पडताळायला तिने तोंड उघडलं. येईना. कागदावरची अक्षरं वाचता येत होती, पण कुठल्यातरी परक्या गावचं गाणं वाचावं तशी.

"इद्वल… तू आहेस…?"

आवाज थांबला. कुणीतरी वाट पाहत होतं.

आता गप्प बसावं, हे तिला कळत होतं. दोन ओळी गेल्या, दोन तरी वाचतील. पण गप्प बसलं तर तो जाणार. सहा महिने त्या घरात तिच्याखेरीज दुसरा आवाज झाला नव्हता. तिने तिसरी ओळ म्हटली. मग चौथी.

हेविन परत आला तेव्हा ती कागद मांडीवर घेऊन बसली होती.

"फसवलंत, बाई! इथे तर लिहिलंय सगळं." त्याने कागद घेतला आणि खिडकीशी धरून, अक्षरं बघत हळूहळू म्हणायला लागला.

नेस्ता ऐकत राहिली. किती गोड चाल! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कशासाठी ते तिला समजेना.

"कुणाचं रे हे?" तिने विचारलं.

"चेष्टा करता होय? खाली तुमचंच नाव आहे की." हेविन हसला, मग अडखळला. "शेवटचा स्वर राहिलाय बघा लिहायचा. तेवढा सांगा."

तिने आठवून पाहिलं. काही नव्हतं. खुडल्या जागी राहतो तेवढा एक खड्डा होता.

आणि तेवढ्यात तो स्वर आला. तिच्या पाठीमागून, अगदी मानेजवळून. आवाज इद्वलचा नव्हता. तो तिचाच होता.

"'द'! वाटलंच मला," हेविन मान खाली घालून लिहीत म्हणाला. "काय लागलाय आवाज, बाई!"

नेस्ताचे ओठ मिटलेले होते.