मागच्या खोलीचा हक्क

मृत्युपत्राची प्रत मागवणं हे लायब्ररीचं पुस्तक रिन्यू करण्याइतकं साधं काम आहे. मेलेल्या माणसाचं नाव आणि वर्ष द्यायचं, थोडी फी भरायची. काही दिवसांनी त्याची शेवटची इच्छा आपल्या ईमेलमध्ये येऊन पडते, वीजबिल आणि चष्म्याच्या दुकानाच्या जाहिरातीच्या मधोमध. मी नोव्हेंबरच्या एका मंगळवारी अशीच एक प्रत मागवली. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. रागावण्यासारखं मात्र भरपूर होतं, आणि राग हा माझा जुना धंदा आहे.

माझं नाव शुलामीथ झिराडकर. वय एकोणसत्तर. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका वर्तमानपत्रात मी चौतीस वर्षं बातमीदारी केली. कोर्ट, कौन्सिल, भाडेकरूंना हाकलणारे घरमालक. प्रश्न विचारण्याआधी बॉलपेनचा खटका तीनदा दाबायची सवय मला तेव्हापासूनची. टिक, टिक, टिक. संपादक म्हणायचा, "शुलामीथची बंदूक भरली, आता पळा." लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तो तीन वर्षांपूर्वी गेला, तोही एकटाच. आता हाउन्सलोत, विमानांच्या पोटाखाली, दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी कात्रणं राहतो.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. लंडनमध्ये आमची मूठभर मंडळी प्रार्थनेला जमतात, पण ती आता इंग्रजीतच बोलतात. मराठी बोलावंसं वाटलं की मी स्वतःशी बोलते.

आमच्या घरात एक गोष्ट अर्धीच सांगितली जायची. माझे पणजोबा दाविद चार वर्षांचे असताना त्यांची आई एका गोऱ्या मेजरबरोबर विलायतेला निघून गेली. ती पुण्याच्या कॅम्पात त्याच्या बंगल्यावर कामाला होती, आणि दाविद त्या मेजरचाच मुलगा. मामाने पोराला ठेवून घेतलं, त्याला आपलं आडनाव दिलं. आणि बहिणीसाठी सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळलं. ती जिवंत होती तरी. त्यानंतर तिचं नाव घरात कोणी घेतलं नाही, आणि चार पिढ्यांत ते खरोखरच हरवलं.

मला ते नाव हवं होतं. मृतांसाठी आमच्यात जी प्रार्थना करतात ती नावाने करतात. नाव नाही तर प्रार्थना नाही. दाविदच्या वंशात आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणजे तिची आठवण काढणारी शेवटची व्यक्ती मी. ते काम माझ्याच हातून व्हायला हवं होतं.

तर, मेजरचं नाव मात्र घरात टिकलं होतं: हेन्री ओल्डक्रॉफ्ट. मृत्यू १८९७. मृत्युपत्र पाच पानांचं. पुतण्याला घोडा, घोड्याचं नाव दिलेलं. बहिणीला कुत्रा, कुत्र्याचंही नाव दिलेलं. आणि तिसऱ्या पानावर: "फर्नली हाउसची मागची खोली, माझ्याबरोबर राहत असलेल्या नेटिव्ह बाईला, ती जिवंत असेतोवर राहण्यासाठी."

नेटिव्ह बाई! कुत्र्याला नाव होतं, माझ्या खापरपणजीला नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि अर्धा तास घरभर येरझारा घालत त्या माणसाला मराठीत शिव्या दिल्या. मग पानं छापली आणि पिशवीत कोंबली. शेवटची दोन पानं मी वाचली नाहीत. 'आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मग चिडा' असं शिकाऊ पोरांना ओरडून सांगणारी मी!

त्यानंतर तीन आठवडे मी नोंदी धुंडाळल्या. जनगणनेच्या तक्त्यात 'आया, जन्म ईस्ट इंडीज' एवढंच. मृत्यूच्या नोंदींत काही नाही. दफनाच्या नोंदींत काही नाही. फर्नली हाउसमधली ती बाई मेल्याचं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

घर अजून उभं होतं. मिल्टन कीन्स वसवताना एक जुनं गाव त्याच्या पोटात गेलं, त्या गावात. 'घरमालकास' म्हणून मी पत्र टाकलं. चौथ्या दिवशी फोन आला, तोही मराठीत.

"शुलामीथ मावशी ना? मी रश्मी बोलतेय. अहो, तुमचं पत्र वाचून अंगावर काटाच आला. तुम्ही या. प्लीज लवकर या."

योगायोगावर माझा विश्वास नाही. पण मिल्टन कीन्समध्ये आयटीतली इतकी मराठी माणसं आहेत की याला योगायोग म्हणायचं कारण नव्हतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. टॅक्सीतून जाताना मी अकरा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, मोजले. सगळे एकसारखे, सगळे रिकामे. मग एकदम जुन्या विटांची भिंत, आणि तिच्यामागे घर.

रश्मी कोथरूडची, चाळिशीची, पायात जाड मोजे. आल्या आल्या तिने कांदेपोहे पुढे केले.

"आधीच सांगते हं मावशी, मागच्या खोलीतून आवाज येतो, पण हरीशला त्याचं हसू येतं. तो म्हणतो पाइप्स आहेत."

"नवऱ्यांना सगळे पाइपच वाटतात. बॉयलर बदललात?"

"दोनदा! प्लंबर म्हणाला, नथिंग राँग, लव्ह. आणि बिल लावून गेला."

"आवाज कसा असतो?"

"कोणीतरी लाकूड पुसतंय असा. हळूहळू, एकाच जागी. अंधार पडायला लागला की सुरू होतो, या दिवसांत पावणेचारला. मी ती रूम स्टोरेजच करून टाकलीये."

मी पेनचा खटका दाबला, तीनदा. "घाबरतेस?"

तिने विचार केला. "घाबरत नाही हो. पण ती खोली ना... तिथे आपल्याला एकटं वाटत नाही. खोलीच एकटी आहे, असं वाटतं."

सव्वातीनला ती मुलीला शाळेतून आणायला निघाली. "क्लब आहे तिचा, साडेचारपर्यंत येते. चहा थर्मासमध्ये आहे. आणि मावशी... दार उघडंच ठेवा."

मागची खोली लहान होती. उभ्या केलेल्या गाद्या, सूटकेसेस, एक टेबललॅम्प. खिडकी इतकी उंच की तिच्यातून फक्त आभाळ दिसावं. मी बातमीदाराच्या सवयीने दारापासून सुरुवात केली. चौकटीवर, आतल्या बाजूने, माझ्या खांद्याच्या उंचीवर तिरपी खाच होती. वर-खाली खिळ्याची दोन भोकं. आणि भोवतालचं लाकूड झिजून बशीसारखं खोलगट झालेलं.

मी ओळखलं. ती मेझुझाची जागा होती. चर्मपत्रावर लिहिलेल्या वचनांची ती लहानशी डबी आमच्या प्रत्येक दाराला असते. येता-जाता तिला बोटं लावायची, बोटं ओठांना लावायची.

पण ती चुकीच्या बाजूला होती. मेझुझा आत शिरताना उजव्या हाताला हवी. हे आमच्यात लहान मूलही सांगेल. ही डाव्या हाताला होती. आमच्या बाईने ही चूक कशी केली, म्हणून मी कितीतरी वेळ तिथे उभी राहिले. मग मी खोलीकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड केलं.

खाच माझ्या उजव्या हाताला आली.

चूक नव्हती. तिच्या लेखी घर दाराच्या पलीकडे होतं, आणि ही खोली म्हणजे बाहेर.

मी दाराच्या पलीकडच्या बाजूवरून हात फिरवला. रंगाच्या थरांखाली स्क्रूची चार भोकं लागली. मोठ्या कडीची, बाहेरून लावायच्या.

मी लॅम्प लावला आणि सूटकेसवर बसून टिपण लिहायला घेतलं. उंच खिडकीतला उजेड राखाडी झाला, मग निळा, मग उरलाच नाही. रेडिएटर गरम होता, तरी घोट्यांना गारठा लागत होता. घर इतकं शांत की स्वयंपाकघरातला फ्रिज बंद झाला तेसुद्धा कळलं.

मग वास आला. आधी वाटलं, रश्मीचे पोहे. पण त्यात कांदा नव्हता. भिजवलेले गोड पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. मलिदा. नवस फेडताना आमच्या घरी करायचे, तो. माझी आई गेल्यापासून तो वास माझ्या नाकात आला नव्हता.

आणि आवाज सुरू झाला. स्स... स्स... स्स... लाकडावरून बोटं फिरावीत तसा. माझ्यापासून हातभर अंतरावर, त्या खाचेतून. मी पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. फक्त लाकूड ओलसर झालं होतं, चमकत होतं.

आवाज थांबला.

"कोणाची गो तू?"

म्हातारा आवाज. कोकणातला. दमलेला.

पळून जायला हवं होतं हे मला कळतं. पण चौतीस वर्षांत मी प्रश्न अर्धवट सोडून उठले नाही. "शुलामीथ," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "दाविदची पणती."

"दावीद... निजला काय तो?"

मी कधी कुणाला खोटी माहिती दिली नाही. तेव्हाही दिली नाही. "मोठे झाले. रेल्वेत नोकरी केली. मुलगा झाला. चांगलं झालं त्यांचं."

"चार वर्षांचा आहे तो," आवाज म्हणाला. समजूत घातल्यासारखा. "अंधाराला भितो... माझं सुतक केलं त्यांनी, ठाऊक हाय मला. सात दिस अन्नाला चव नव्हती. मेलेल्याला परत कसं मरता येईल गो?"

माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते. तरी अंगठा चालला. टिक, टिक, टिक.

"तुमचं नाव सांगा," मी म्हणाले. "कोणालाच माहीत नाही. मी लिहून घेते. प्रार्थनेत घेऊ."

"सांगते... पण तू बसशील हां हिते? माझ्या जागी? मी दाविदला बघून येते."

नावापुढे मला काही दिसत नव्हतं. चांगली बातमी हाताशी आली की माणूस कशालाही हो म्हणतो. "बसते," मी म्हणाले. "सांगा."

"मिलका."

मी लिहिलं. लिहिताना कोणीतरी माझ्या बाजूने गेलं. कापडाची सळसळ, खोबऱ्याचा वास, आणि मग लांब पॅसेजमधून अनवाणी पावलं. चालत नव्हती ती. धावत होती.

"मावशी! अंधारात काय बसलात?"

रश्मी दारात उभी. लॅम्प विझलेला. मला वाटलं होतं पाच मिनिटं झाली. पावणेपाच वाजले होते.

"तुम्ही बाहेर गेला होतात का? पुढचं दार सताड उघडं. पूर्ण घर थंडगार पडलंय."

"नाही," मी म्हणाले. "मी इथेच बसले होते."

शनिवारी प्रार्थनेनंतर शिमोनने मृतांची नावं घेतली. आमच्यात प्रार्थना तोच चालवतो. त्याने 'मिलका' म्हटलं, आणि मी, जी भावाच्या दफनालाही रडले नव्हते, ती बाकाला धरून रडले. "हू वॉज शी, शुला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "घरची." बसमधून परतताना खिडकीत माझंच तोंड दिसत होतं, आणि कितीतरी वर्षांनी मला ते सहन होत होतं.

रविवारी कागद फाइलला लावताना मी ती शेवटची दोन पानं वाचली.

मृत्युपत्राला जोडलेली पुरवणी होती ती, मरणाच्या महिनाभर आधीची. ती बाई रस्त्यावर जाऊन लोकांना आपल्या मुलाच्या घराची वाट विचारते, सबब तिची खोली बाहेरून बंद ठेवावी. तिच्याच रक्ताचं कोणी येऊन तिची जागा घेईल, तेव्हाच तिला सोडावं. खोलीचा हक्क मग त्या व्यक्तीकडे, याच अटीवर.

मेजरला मुलगा हवा होता. आईच्या ओढीने तो येईल म्हणून गळ टाकून ठेवला होता. मुलगा आला नाही. सव्वाशे वर्षांनी मी गेले, स्वतःच्या तिकिटाने, आणि 'बसते' म्हणाले.

मी कागद मिटला. माझ्यानंतर आमच्या रक्ताचं कोण आहे, हे मोजायला वेळ लागला नाही. कोणी नाही.

मी हे शांतपणे सांगतेय, कारण मी हाउन्सलोत आहे. माझ्या टेबलाशी, माझ्या दिव्याशी. विमानं जातायत. आज संध्याकाळी रश्मीचा मेसेज आला: "मावशी, पुसण्याचा आवाज पूर्ण बंद! थँक यू सो मच. पण आता दुसराच येतो. हरीशलापण ऐकू आला, तो हसला नाही. रेकॉर्ड केलंय. तुम्हाला ओळखू येतं का बघा."

मी ऐकलं. खोलीची ती शांतता. मग टिक, टिक, टिक. मग एक खोकला. मग अगदी हलक्या आवाजात, मराठीत, कुणीतरी विचारतं, "कोण आलंय?"

पेन इथेच आहे, दिव्याखाली. मी रेकॉर्डिंगची वेळ पाहिली. आज दुपारचे चार. त्या वेळी मी या खुर्चीत होते. साडेतीनला मी चहा केला होता, एवढं मला पक्कं आठवतं.

कप समोर आहे. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. त्यानंतर बाहेर अंधार कधी पडला, ते मला आठवत नाही.