नऊ नंबरचा डबा

डिझेलचे दोन कॅन टेकडीवर पोचवायचे, एवढंच काम होतं. त्यात भ्यावं असं काही नव्हतं, आणि जो माणूस ते घेऊन निघाला तो भिणाऱ्यातला नव्हताच.

बसा रे. लाइट येईस्तोवर ऐका. मघाशी तुमच्यातलाच एकजण गाडीतल्या त्या डब्याला शिव्या घालत होता, की हा नुसता ऐकतो, उलट काही सांगत नाही, मग याचा उपयोग काय? उपयोग सांगतो. आणि तो उलट बोलला तर काय होतं, तेही सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. आगीच्या बंबांच्या पोटात डोकं घालूनच माझा जन्म गेला, आणि ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझ्या घरी जेवलेला माणूस आहे.

त्याला आम्ही मुनी म्हणायचो. टीव्हीच्या टॉवरवर कामाला. तो बघा, टेकडीवर लाल दिवा दिसतोय ना, तोच टॉवर. अख्ख्या मुलखाला मालिका आणि बातम्या पुरवणारा माणूस, पण स्वतः दिवसाला चार शब्द बोलला म्हणजे डोक्यावरून पाणी.

आता डब्याचं समजून घ्या. वणवा पेटला की आधी मोबाइलचे टॉवर मान टाकतात. आग कुठं सरकली, माणसं कुठं अडकली, गाडीतल्या माणसाला काही कळत नाही. टीव्हीचा टॉवर मात्र उंच, एकटा आणि आडदांड. तो सहसा बंद पडत नाही. म्हणून कुणा शहाण्यानं डोकं लढवलं. मालिका ज्या लहरींवरून घरोघरी जाते, त्यांच्यातच कडेला थोडी जागा राखून ठेवली. त्या जागेतून आपल्या गाड्यांना नकाशे जातात, हुकूम जातात. घरच्या टीव्हीला त्यातलं काही दिसत नाही, फक्त गाडीतल्या डब्याला दिसतं. प्रत्येक डब्याला नंबर असतो. ज्याचा नंबर लावून पाठवलं, त्याच्याच पडद्यावर ते उमटतं. नाहीतर ‘सगळे’ लावून पाठवायचं. पण टॉवर बोलणार आणि डबा ऐकणार, एवढंच. डब्याला कान आहेत, तोंड नाही. माझी बायको म्हणायची, नवरा असा हवा होता.

हसा, हसा. पुढं हसायला जागा नाही.

मुनीचा धाकटा भाऊ आपल्याच इथं पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. नऊ नंबरची गाडी, नऊ नंबरचा डबा. थोरला जितका घुमा, तितका धाकटा तोंडाळ. गाडी चालवताना त्या डब्याशी गप्पा मारायचा. “दादा, नकाशा मिळाला रे. दादा, भूक लागली रे.” शेजारी बसलेला म्हणायचा, अरे वेड्या, तिकडे काही ऐकू जात नाही. तर हा म्हणायचा, “घरीसुद्धा तो कुठं ऐकतो?”

चार वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. धाकटा टँकर घेऊन एकटाच वर गेला होता. वारा फिरला तसा कंट्रोल रूमचा निरोप टॉवरवर आला, आणि मुनीनं नऊ नंबर लावून दोनच शब्द पाठवले. मागे फिर. पुन्हा पाठवले. मग पुन्हा.

दुसऱ्या दिवशी टँकर सापडला तो मोठ्या वळणाच्या पुढं. मागे फिरलाच नव्हता. डबा वितळून त्याचा गोळा झाला होता. चौकशी झाली. टॉवरवरून निरोप वेळेत निघाला, एवढं सिद्ध झालं. तो पोचला का? ते कोण सांगणार? ज्याला माहीत होतं तो राहिला नव्हता.

मातीहून परतल्यावर आईनं मुनीला विचारलं, “तू कळवलं होतंस ना?”

“हो.”

“मग तो का नाही फिरला? माझं पोर इतकं अडाणी नव्हतं.”

म्हातारी पुढं काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मुनी मला एकदाच म्हणाला. ती नुसती बघायची. वाढताना बघायची, दार लावताना बघायची. त्या बघण्यानं त्याचा जीव नकोसा झाला. त्यानं टॉवरच्या पायथ्याशी एक खोली घेतली, रात्रपाळ्या मागून घेतल्या आणि घरी जाणं टाकलं. पगार पोचता करायचा तोही शेजाऱ्याच्या हातून. एकाच गावात आई एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला, आणि मधे तो एक प्रश्न. इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तर आता ती रात्र. गेल्या वर्षी मे महिन्याची एकवीस तारीख, बुधवार. दुपारपासून डोंगर पेटला होता. संध्याकाळी गावाची वीज गेली. दिवसपाळीचा माणूस रजेवर, टॉवर जनरेटरवर, आणि डिझेल तळाला लागलेलं. म्हणून मुनी वेळेच्या आधीच दोन कॅन घेऊन वर गेला. टाकी भरली, हात पुसले, डबा उघडून दोन घास खाल्ले. जेवणाचा डबा रे, दुसरा नव्हे.

रात्री आपल्या तीन गाड्या घाटात चढत होत्या. कंट्रोल रूमकडून तारेवरून नकाशे येत होते, मुनी ते पुढं धाडत होता. अकराच्या सुमारास मोबाइल गेले. बाराच्या आत ती तारही गेली. आग कुठंतरी खांबांपर्यंत आली असणार. त्यानं फोन उचलून पाहिला. काही नाही. जिवंत होता तो फक्त टॉवर. सगळ्यांशी बोलू शकेल असा, आणि सांगायला काही नसलेला.

खिडकीतून डोंगराची लाल कड दिसत होती. मुनी खुर्चीत बसून राहिला.

त्या खोलीच्या कोपऱ्यात एक डबा असतो. गाडीतल्यासारखाच. आपण पाठवलेलं नीट बाहेर पडलं का, ते तपासायला ठेवलेला. टॉवरवरून जे गेलं तेच त्याच्यावर दिसतं, दुसरं काही दिसूच शकत नाही. कुठलाही नंबर असो, त्याला सगळं दिसतं.

तो डबा वाजला.

मुनीनं मान वळवली. पडद्यावर अक्षरं होती.

नकाशा मिळाला.

त्याला आधी वाटलं, तार सुरू झाली. फोन उचलला. मुका. पाठवायच्या पडद्याकडे बघितलं. तिथं शेवटचा निरोप त्याचाच, पाऊण तासापूर्वीचा. त्यानंतर त्यानं काही पाठवलं नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कडी आतून होती.

डबा पुन्हा वाजला.

दादा, धूर फार आहे.

गावात त्याला मुनी म्हणायचे, साहेब म्हणायचे. दादा म्हणणारा एकच होता.

“मग पळाला का तो, काका?”

कुठं पळणार? आणि का? लेकरांनो, भीती वाटली त्याला. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं. तीन वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते त्या पडद्यावर येत होतं. तो उठला. डब्यासमोर जमिनीवरच बसला.

जनरेटर चालू होता. बाकी आवाज नाही.

बराच वेळ काही नाही.

मग...

तुझं मागे फिर मिळालं.

मुनीनं तोंडावर हात दाबून धरला. रडला. जो माणूस मातीच्या दिवशी रडला नव्हता, तो तिथं एकटा, फरशीवर बसून, लहान पोरासारखा रडला. पोचलं होतं. पोचलं होतं रे...

डबा वाजला.

पण वळणाच्या पुढं माणसं आहेत. हाका ऐकू येतायत.

आणि मुनी उठला. त्याच्या लक्षात आलं, की आता काय होणार ते त्याला ठाऊक आहे. त्यालाच ठाऊक आहे. गेलेलं माणूस परत मरायला निघालं होतं आणि हा बघत होता. तो कळफलकावर धावला. टाइप केलं. मागे फिर. पाठवलं.

काही नाही.

मागे फिर. पाठवलं.

काही नाही.

मागे फिर. मी आईला काय सांगू? मागे फिर.

थांबला. जनरेटरचा आवाजही आता दूर गेल्यासारखा...

डबा वाजला. शेवटचा.

बघून येतो, दादा.

बस. त्यानंतर काही नाही. तो उजाडेपर्यंत बसून होता. काही नाही.

ती माणसं खरंच होती का, ते मला विचारू नका. त्या वेळी कुणी सापडलं नाही. कुणी म्हणतं लाकूडतोडे होते आणि ओढ्यानं उतरून गेले, कुणी म्हणतं धुरात माणसाला भास होतात. धाकट्यानं हाका ऐकल्या, एवढं खरं. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्यातला तो नव्हता.

आता दुसरी बाजू ऐका. ती तर मी स्वतः पाहिली, कारण घाटातल्या तीन गाड्यांपैकी एकीत मी होतो. इंजिन तापत होतं म्हणून मला बरोबर घेतलं होतं. एक वाजायच्या बेताला आमचा डबा वाजला. मागे फिर. आमचा कॅप्टन चिडला. समोर आग नाही, धूर नाही, आणि फिरायचं कशाला? तेवढ्यात दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, आणि त्यात ते आईचं वाक्य. कॅप्टननं ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, “वळवा गाड्या.”

आम्ही वळवल्या. खालच्या पुलावर पोचलो तोवर वारा उलटला आणि मागं अख्खा घाट एका दमात पेटला. जिथं आम्ही उभे होतो ती जागा मी बघत होतो. अकरा माणसं होतो आम्ही.

झालं होतं असं, की एक निरोप गेला की पडदा आपोआप ‘सगळे’वर येतो. नंबर दरवेळी नव्यानं लावावा लागतो. मुनी इतका घाबरा झाला होता, की नऊ लावायचं राहूनच गेलं. नोकरीत एवढी वर्षं काढून ही चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

सकाळी कॅप्टन टेकडीवर गेला, मीही गेलो. कॅप्टननं विचारलं, “वारा फिरणार हे तुला कसं कळलं?” मुनी म्हणाला, “मला नाही कळलं.” कॅप्टनला वाटलं, थट्टा करतोय. मला त्याचे डोळे दिसले. कॅप्टन उतरून गेला तसं मी दार लोटलं आणि म्हटलं, बोल. तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या डब्यात आम्ही दोघांनी शोधलं. त्याचे स्वतःचे निरोप होते, दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, “आईला सांग जाऊन.”

“विश्वास बसेल तिचा?”

“नाही बसला तरी सांग. तीन वर्षं तिनं एकच तर विचारलंय.”

त्याचे पाय उचलत नव्हते म्हणून मी बरोबर गेलो. गावात वीज अजून आलेली नव्हती. आदल्या संध्याकाळपासून एकाही घरात दिवा नव्हता, हे ध्यानात ठेवा. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, अंधार, आणि म्हातारी जमिनीवर बसलेली. मुनी उंबऱ्याशी थबकला. तोंड उघडलं, पण शब्द येईना. मुनीच तो.

म्हातारीनं वळून पाहिलं. ते पूर्वीचं बघणं नव्हतं. ती म्हणाली, “ये. रात्रभर जागलास ना? ये, बस. मीच तुला छळलं रे.” आणि त्याला जवळ ओढून घेतलं. तीन वर्षांनी तो आईच्या घरी जेवला.

मी मात्र दारातच उभा राहिलो होतो, कारण ती कशासमोर बसली होती ते मला दिसलं होतं. घरचा टीव्ही. जुना, पाठीला कुबड असलेला. तो अजून तिथंच आहे. त्याची वायर तिनं काढून गुंडाळून ठेवली आहे, कुणाला हात लावू देत नाही. मेकॅनिक आला, काच पुसून बघितली, आतून बघितलं आणि पैसे न घेता गेला. दिवसा काही दिसत नाही. खोलीत अंधार केला की काचेवर फिकट अक्षरं दिसतात. आई, दादानं कळवलं होतं.