होडी थांबत नाही

त्या दुपारी कमलिनीच्या मांडीवर एक अख्खा सीपीयू होता, ओढणीत गुंडाळलेला, आणि ऑटोवाला अड्यारच्या एकूण एक खड्ड्याची इमानेइतबारे भेट घेत चालला होता. टायपिंग इन्स्टिट्यूटपाशी ती उतरली तेव्हा एप्रिलच्या उन्हानं आणि त्या लोखंडी डब्यानं तिचा पार जीव काढला होता. हॉल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट अर्थातच नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिनं सीपीयू गुडघ्यावर टेकवला. तेवढ्यात वरून कुणीतरी म्हणालं,

“जड अहे कीं हें. द्या मजकडे.”

कमलिनी चाटच पडली. चेन्नईत नोकरीला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. रूममेट निधी सोडली तर मराठी ऐकायला सांगलीला फोन लावावा लागायचा. आणि इथे जिन्यात निळ्या शर्टातला एक सावळा, उंच तरुण चक्क मराठी बोलत होता. तीही अशी, की थेट बखरीतून उठून आला असावा.

“तुम्ही... मराठी?”

“आमा, होय. तंजावरचे आम्ही. तीनशें वर्षें झालीं येऊन, परत जाण्याचें राहूनच गेलें.”

“मग आता निघा हळूहळू,” ती म्हणाली.

तो हसला. सीपीयू त्यानं असा अलगद उचलला की जणू त्यात कुणी झोपलंय. पुढे कमलिनी निधीला म्हणाली, मला तर तो तिथेच आवडला. पण ते खोटं. आवडला तो वर गेल्यावर, पंधरा मिनिटांनी, भांडणात.

भांडण मोठं मजेशीर होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या हॉलमध्ये लिनक्सवर गेम खेळणारी पंचवीस-तीस माणसं जमायची. लिनक्स फुकट, त्याचं पोट उघडून बघायला सगळ्यांना मोकळीक. पण गेम म्हणाल तर बहुतेक सगळे विंडोजचे. मग ते गेम लिनक्सवर चालतील असे घडवून घ्यायचे, त्याला ही मंडळी ‘पोर्ट करणं’ म्हणत. वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर विंडोजचा गेम जसाच्या तसा लिनक्सवर चालवू बघे. तर वाइनमधून चालवलेल्या गेमला पोर्ट म्हणावं की म्हणू नये, ह्यावर तिथे तावातावानं वाद चालला होता. इंग्रजीत आणि तमिळमध्ये.

“नाही म्हणायचं,” कमलिनीनं सांगून टाकलं. “दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राहणं वेगळं आणि तिथलं होऊन राहणं वेगळं.”

निळ्या शर्टानं मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. तीनशे वर्षं तिथलाच होऊन राहिलेला माणूस तो. त्याला हे पटायचंच होतं.

त्याचं नाव विश्वेश. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि उरलेल्या वेळात ‘लँटर्न बे’ नावाचा एक जुना गेम लिनक्सवर आणत होता. दोघांनी मिळून खेळायचा गेम. एका बेटावरचे कंदील लावत जायचं आणि शेवटी होडीत बसून पुढच्या बेटावर. सांगलीला असताना कमलिनी धाकट्या भावाबरोबर हाच गेम खेळून मोठी झाली होती. गेम बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली, पण जाताना गेमचा कोड सगळ्यांसाठी खुला करून गेली.

कमलिनी गिंडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. लोकांच्या कामात खोड्या काढणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि आता तोच तिनं फुकट सुरू केला. विश्वेश नवी आवृत्ती काढायचा, ती चुका शोधून ग्रुपच्या मेलिंग लिस्टवर टाकायची. आवाज येत नाही. कंदील विझत नाही. जॉयस्टिक डावीकडे दाबली की माणूस उजवीकडे चालू लागतो.

“कमलिनीबाई, तुम्हांस माझें कांहींच आवडत नाहीं कीं?” त्यानं एकदा विचारलं. गिंडीला तो कंपनीच्या बसमधून उतरायचा, आणि हल्ली नेमका तिचं ऑफिस सुटायच्या वेळेला.

“बाई म्हणू नका. हातात खडू-डस्टर आल्यासारखं वाटतं.”

“मग काय म्हणूं?”

“ते तुम्ही शोधा, विश्वेशराव.”

त्यानं बॅगेतून आईनं केलेल्या मुरुक्कूंचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा काढून तिच्यापुढे धरला आणि... पुन्हा जॉयस्टिकबद्दल बोलू लागला.

असे सहा महिने गेले. बोलणं आवाजावर, होडीवर, कंदिलावर. कीबोर्डवर बोटं टेकवून तो विचारात पडला की कमलिनी त्या बोटांकडे बघत बसायची, आणि तो वर बघेल म्हणून पटकन खिडकीकडे मान वळवायची. त्यानंही तसंच केलेलं तिनं दोनदा पकडलं होतं. पण बोलेल तर शपथ.

ऑक्टोबरात निधी पुण्याला गेली आणि आठवड्याभरात कमलिनीच्या हातात बदलीचं पत्र पडलं. पुणेच. वर्षापूर्वी तिनंच मागितलेली बदली. तेव्हा चेन्नई नको नको झाली होती. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. आता हो म्हणवेना, आणि नाही म्हणायचं तर कुणाच्या भरवशावर?

कमलिनीच्या नादानं गेम खेळू लागलेल्या निधीनं बुधवारी दुपारी पुण्याहून लिस्टवर लिहिलं, की माझ्याकडे अजून गेमचा आवाज येत नाही. कमलिनीनं त्या मेलवर ‘उत्तर द्या’ दाबलं आणि एका दमात लिहून काढलं. ऑफिसात देवनागरी टाइप करायची सोय नव्हती, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत:

“निधे, आवाजाचं मरू दे. सोमवारी बदलीचं कळवायचंय आणि मला जायचं नाहीये. त्या विश्वेशनं एकदा तोंड उघडून ‘राहा’ म्हणावं, बदलीचा कागद तिथल्या तिथे फाडीन. पण तो मेला जॉयस्टिकपलीकडे जाईल तर ना. मी इतकी कुणासाठी कधी वेडी झाले नव्हते गं.”

पाठवलं. चहाचा कप उचलला. आणि कप तोंडाशी पोचायच्या आत आपलीच मेल आपल्यालाच आलेली तिला दिसली.

त्या लिस्टची ही जुनी खोड. नुसतं उत्तर दिलं तरी ते सगळ्यांना जायचं. नव्या येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी बजावलं जायचं. कमलिनीनं स्वतः चौघांना बजावलं होतं. म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान... सभासद दोनशे बारा. गेलेली मेल परत काही येत नाही.

पाच मिनिटांत अलमेलू मॅडमची मेल आली. मॅडम कॉलेजात गणित शिकवत आणि लिस्टही वर्गासारखीच चालवत. “ह्या लिस्टवर इंग्रजीत लिहावं. कमलिनी, हे काय आहे?” मग आणखी कुणीतरी: “चुकीची तक्रार असावी. विश्वेशचं नाव दिसतंय.” आणि मग शेवटचा घाव: “ही त्याच्याच घरची भाषा ना? विश्वेश, सगळ्यांसाठी जरा भाषांतर करशील?”

कमलिनीनं कपाळाला हात लावला. देवनागरी वाचता येत नाही असं तो तिला म्हणाला होता, पण इंग्रजी अक्षरं तर तो दिवसभर वाचत होता. दोनशे बारा माणसांत ती मेल समजणारा लिहिणारीला आणि निधीला सोडून एकच होता, आणि नेमकं त्यालाच सगळ्यांना समजावून सांगायला बसवलं होतं.

कारखान्यात त्याला दिवसा मेल बघता येत नसे. सहाला तो गिंडीला उतरेल, सातला अड्यारच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये बसेल. कमलिनी त्या दिवशी बस स्टॉपकडे फिरकली नाही. ऑफिसातच बसून राहिली. बाहेर पाऊस लागला होता, काचेवरून पाणी ओघळत होतं, आणि तिला एकसारखं वाटत होतं की आता सगळं संपलं. तो बिचारा संकोचेल. येत्या शनिवारी येणारच नाही. आणि आपल्याला पुण्याला जावंच लागेल, तोंड लपवून.

सात वाजून दहा मिनिटांनी त्याची मेल आली. इंग्रजीत, सगळ्यांना.

“भाषांतर. तक्रार करणारी म्हणते, तिसऱ्या बेटावर होडी थांबत नाही. दुसरा खेळाडू किनाऱ्यावर असतो, त्याला यायचं असतं, पण होडीतला त्याला कधी विचारतच नाही. ही चूक मी मान्य करतो. ती माझी आहे आणि सहा महिन्यांपासून आहे. लाज वाटते. शनिवारपर्यंत दुरुस्त करीन. काम कुणाकडे: माझ्याकडे. निकड: सर्वांत जास्त. विश्वेश.”

कमलिनीनं ती मेल तीनदा वाचली. मग टेबलावर डोकं टेकून ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. वाचवलं होतं त्यानं, अगदी अलगद, त्या सीपीयूसारखं. लिस्टवर एव्हाना कहर चालला होता. कुणी म्हणे, माझी होडी तर व्यवस्थित थांबते. कुणी म्हणे, मी आत्ताच करून पाहिलं, खरंच थांबत नाही. मुळात नसलेल्या चुकीवर दोन दिवस चर्चा रंगली.

पण शुक्रवारी मन पुन्हा खाऊ लागलं. स्वभावानंच सज्जन माणूस तो. दुसरी कुणी असती तरी त्यानं झाकून घेतलंच असतं. ‘चूक माझी’ म्हणाला, ते मनापासून की शिष्टाचार म्हणून? स्पष्ट काही बोलला नव्हता. फोनही केला नाही. दोन दिवस कोड लिहीत बसला होता म्हणे.

शनिवारी पावसात भिजत ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. विश्वेश पुढच्या संगणकापाशी होता, निळ्याच शर्टात, डोळे तांबारलेले. तिला पाहून उठला, पुन्हा बसला.

“आलांत,” तो म्हणाला. “मज वाटलें...”

“मला पण वाटलं,” ती म्हणाली.

अलमेलू मॅडमनी टाळी वाजवली. “आधी होडी. दाखवा.”

दोन जॉयस्टिक. एक त्याच्या हातात, दुसरी तिच्या. सगळी मंडळी पाठीमागे गोळा झाली. भिंतीवरच्या पडद्यावर तिसरं बेट आलं. कंदील लागले. त्याचा खेळाडू होडीत चढला. तिचा मुद्दाम किनाऱ्यावर उभा राहिला.

“आतां पाहा,” विश्वेश हलक्या आवाजात म्हणाला. “आतां ती थांबेल.”

आणि होडी सुटली. थांबणं दूरच, आधी कधी गेली नव्हती अशा वेगानं निघाली आणि पडद्याच्या काठापलीकडे दिसेनाशी झाली. तिचा एवढासा माणूस किनाऱ्यावर एकटाच उभा.

हॉलमध्ये हशा पिकला. असं आहे, की बऱ्या चाललेल्या कोडला दुरुस्त करायला गेलं की तो बिघडतो. हे कमलिनीनं आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. ज्या होडीला काही झालं नव्हतं, ती आता खरोखरीच थांबेनाशी झाली होती.

विश्वेशचा चेहरा उतरला. त्यानं दोन कळा दाबल्या, पुन्हा सुरू केलं. होडी पुन्हा पळाली. त्याची बोटं कीबोर्डवर तशीच टेकलेली, पण ह्या वेळी तो विचार करत नव्हता. घाबरला होता. तो किती घाबरलाय ते कमलिनीला दिसलं आणि तिची स्वतःची भीती कुठल्या कुठे गेली.

त्यानं जॉयस्टिक खाली ठेवली. खुर्ची तिच्याकडे वळवली. तीस माणसं पाठीशी उभी असताना, खणखणीत आवाजात, आपल्या तीनशे वर्षं जुन्या मराठीत तो म्हणाला,

“कमलिनी. यंत्रास सांगून होणार नव्हतें हें, मजला आधींच कळायास हवें होतें. राहा. जाऊं नका. तुम्ही गेलांत तर मज करमणार नाहीं. सोमवारीं बदलीचा कागद फाडाल कीं?”

बाई म्हणाला नव्हता. कमलिनीला पहिल्यांदा तेच ऐकू आलं. मग बाकीचं सगळं पोचलं, आणि बुधवारपासून छातीवर बसलेला दगड एकदम उतरला. तिला इतकं हलकं वाटलं की खुर्चीचा हात धरावा लागला.

“आजच फाडते,” ती म्हणाली. “सोमवारपर्यंत कोण थांबतंय.”

त्यानं डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की मागच्या कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का?

“काय म्हणाला तो?” अलमेलू मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “कमलिनी, भाषांतर.”

आता पाळी तिची होती. ती मंडळींकडे वळली आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाली, “तो म्हणतो, चूक त्याचीच आहे. दुरुस्तीला बराच काळ लागेल. तोवर तपासायला मी इथेच राहावं अशी त्याची विनंती आहे. मी हो म्हटलंय.”

“एवढंच?”

“थोडक्यात एवढंच, मॅडम.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग एकाच जॉयस्टिकवर जाऊन विसावलेल्या दोन हातांकडे पाहिलं, आणि चष्मा पुसायला काढला.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर दोघं अड्यारच्या रस्त्यानं चालत ब्राउझिंग सेंटरपर्यंत गेली. निधीला कळवायचं होतं. ह्या वेळी पत्ता स्वतः टाइप करून, दोनदा तपासून. मेलबॉक्स उघडला तर लिस्टवर अलमेलू मॅडमची दोन ओळींची नोंद येऊन पडली होती.

“विषय: होडी थांबत नाही. आज तपासलं, होडी अजूनही थांबत नाही, पण तक्रार करणारीची आता काही तक्रार उरलेली नाही, म्हणून हा विषय बंद करत आहे.”